मेंढरं बसवलेली बाग

एखादं माणूस बरोबर आहे, एवढ्याच कारणासाठी तुम्ही कधी त्याचा दुस्वास केलाय का?

चुकीच्या माणसावर रागावणं सोपं असतं. त्यासाठी लागणारे शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. माझ्या वडिलांचा, आबांचा, कराडात छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापली जायची. धरणग्रस्तांची, हमालांची, ऊसतोड कामगारांची. घड्या घालायचं काम माझ्याकडं असायचं, आणि मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळं अन्याय करणारा समोर आला की माझी जीभ अडखळत नाही. बायडाक्कांपुढं मात्र ती अडखळायची, कारण त्यांनी माझ्यावर कसलाच अन्याय केला नव्हता. मी जे करायला निघाले होते ते त्यांनी करून दाखवलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

सांगलीत विश्रामबागेच्या पुढं आमच्या विद्यापीठाचं आवार आहे. मी तिथं तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. बायडाक्का वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेकेदारामार्फत कामाला होत्या. काचसामान धुवायचं, टेबलं पुसायची, प्रात्यक्षिकाला लागणारी पानं-फुलं आणून ठेवायची. मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. पन्नाशीच्या आसपास वय, काटक अंग, कपाळावर हिरवं गोंदण, आणि कमरेला चंचीत तंबाखूच्या शेजारी काटा काढायची एक जाड सुई. आवारात कुणाच्याही पायात काटा मोडला की तो माणूस दवाखान्याआधी प्रयोगशाळेत यायचा. अक्का त्याचा पाय मांडीवर घ्यायच्या, काटा काढायच्या आणि काढलेला काटा उजेडात धरून सांगायच्या, "बोरीचा हाय. ग्रंथालयामागनं आलास व्हय रं?"

तर ग्रंथालयामागची ती जागा. अर्धा एकर. विद्यापीठ नवं होतं तेव्हा तिथं एका प्राध्यापकांनी आपल्या जिल्ह्यांतली माळावरची, डोंगरावरची झाडं-गवतं आणून बाग केली होती. ते निवृत्त झाले. मग कुणाला तरी हिरवळ हवी झाली, मग हिरवळीवर मांडव घालायला जागा हवी झाली, मग मांडवाला येणाऱ्या गाड्यांना मुरूम हवा झाला. शेवटी हिवराचं एक जुनं झाड आणि बांधावरच्या चार बोरी एवढंच उरलं. त्या प्राध्यापकांच्या हाताची, झाडांच्या नावांची यादी मला ग्रंथालयात सापडली आणि मी पेटून उठले. समिती काढली. पत्रक लिहिलं, पाठपोट. अर्ज केला. अर्जावर सही माझी होती. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगते.

पत्रक वाटत वाटत मी वनस्पतिशास्त्र विभागात गेले तेव्हा विभागप्रमुख सर तासावर होते. अक्का बेसिनपाशी टेस्टट्यूब धूत होत्या, मोठ्यानं मोजत. त्या नेहमीच मोठ्यानं मोजायच्या. एखादी कमी भरली तर पोरांना ऐकू जावं म्हणून.

"काय हाय ह्ये?"

"बागेचं पत्रक आहे, अक्का. मागची जुनी बाग परत उभी करायचीय."

हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला. शाळा चौथीपर्यंत झालेली. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत, त्यांनी सगळं वाचलं. इतकं सावकाश, इतकं पुरतं माझं पत्रक तोवर कुणीच वाचलं नव्हतं. 'परकीय वनस्पतींचे आक्रमण' इथं जरा थांबल्या, मग पुढं सरकल्या. चराईबंदीच्या मुद्द्यापाशी भुवई वर गेली. कागद उलटून मागची बाजूही संपवली.

"लय चांगलं लिवलंया," त्या म्हणाल्या. "पर कवा काय करायचं, ते कुठं हाय ह्येच्यात?"

मी खालची तारीख दाखवली.

"ती तुमच्या मिटिंगची झाली. मी झाडाचं इचारतीया."

मी हसले. घरी जाताना बसमध्ये मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं आणि त्याला अक्कांची सुई चालणार नव्हती.

आम्ही चळवळीतली माणसं कॅलेंडर कसं वाचतो ते तुम्हाला ठाऊक असेल. आम्हाला त्यात ऋतू दिसत नाहीत, जयंत्या आणि स्मृतिदिन दिसतात. मी वृक्षारोपण ठेवलं हुतात्म्यांच्या स्मरणदिनी. ऐन फाल्गुनात.

"आत्ता लावायची झाडं?" अक्का म्हणाल्या. "ह्या उनात?"

"हुतात्म्यांचा दिवस आहे, अक्का."

"व्हय की. पर हुतात्मं थांबतील आषाढापातुर. रोपं थांबायची न्हाईत."

कार्यक्रम दणक्यात झाला. पाहुणे आले, भाषणं झाली, मुलांनी घोषणा दिल्या. यादीतलं प्रत्येक नाव मी पाटीवर रंगवून घेतलं होतं आणि प्रत्येक पाटीपुढं एक रोप होतं. यादीतली काही झाडं रोपवाटिकेत मिळाली नाहीत तेव्हा त्यांच्यासारखी दिसणारी घेतली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्का कार्यक्रमाला आल्या, चपला बाहेर काढून रांगेतनं फिरल्या. तिथं त्या कधी चपला घालून जात नसत. एका पाटीपुढं बसून त्यांनी रोपाचं पान तोडलं, चावलं, थुंकलं. माझ्याकडं बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं.

वैशाखापर्यंत पाट्या तेवढ्या जगल्या.

आता या बाईंना तुम्ही रानातली कुणी ज्ञानी माउली समजू नका. तसं समजणारे आवारात बरेच होते आणि मला त्यांचा राग यायचा. अक्का चिकट होत्या. डब्यातली शेंगांची चटणी त्या कुणाला चाखायला द्यायच्या नाहीत. संध्याकाळची मालिका चुकली तर दुसऱ्या दिवशी विभागात कुणाशी धड बोलायच्या नाहीत. माझी सगळी चळवळ गुलमोहराविरुद्ध होती आणि त्या रोज गुलमोहराखालीच जेवायला बसायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "अक्का, ते झाड परदेशी आहे, माहीत आहे ना?"

"आसंल की. सावली हितलीच हाय." घास गिळून त्या म्हणाल्या, "तुमचं काय घोडं मारलंय त्येनं?"

आणि त्या खोटं बोलायच्या. चक्क. एखादं रोप त्यांना ओळखू आलं नाही तर 'ठाऊक न्हाई' असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. तिथल्या तिथं नाव पाडायच्या. एकदा विभागप्रमुख सरांनी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या, तर चौदा जणांनी एकाच बारक्या निळ्या फुलाचं स्थानिक नाव लिहिलं होतं, 'सासूची करंगळी'. सरांना असलं नाव कुठल्या पुस्तकात सापडेना. त्यांनी अक्कांना बोलावलं. मी तेव्हा तिथंच होते आणि कबूल करते, मला आनंद झाला होता.

"अक्का, हे नाव कुठलं?"

"आमच्याकडलं."

"तुमच्याकडं म्हणजे?"

"म्हंजी माझ्याकडलं," अक्का जराही न लाजता म्हणाल्या. "आवं सर, नाव न्हवतं तवर पोरं त्याच्यावर पाय दिऊन जायची. आता कशी वाकून बगत्यात. करंगळी हाय का आंगठा ते."

सर हसले. पुढच्या आठवड्यात सर स्वतःच वर्गात 'सासूची करंगळी' म्हणत होते. मी 'माती वाचवा, मुळं वाचवा' ही घोषणा तयार करायला चार दिवस घालवले होते. ती माझ्याशिवाय कुणालाही आठवत नाही.

प्रतीक्षाचं सांगायलाच हवं. ती आष्ट्याची, उसाच्या घरातली, भाऊ सैन्यात. माझी सगळ्यात कडक कार्यकर्ती. तिच्या एका हाकेवर वसतिगृहातल्या मुली श्रमदानाला यायच्या. चैत्रात ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मॅडम, रविवारी मी मिटिंगला नाही येणार. अक्कांबरोबर तरवडाचं बी गोळा करायला जातेय."

"मिटिंगचं काय मग?"

"मिटिंगमध्ये आपण बोलतोच की हो नेहमी," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यानंच ते जास्त लागलं. त्या आठवड्यात तिच्या मोबाईलवरचा तिचा फोटो बदलला. आधी तिथं ती माझ्याशेजारी फलक धरून उभी होती. आता तिथं एक खरबरीत तळहात होता आणि त्यात काळसर बिया.

मी तरीही विचारलं, एवढी झुडपं असताना तरवडच का?

"अक्का म्हणतात, तरवडाला मेंढरं तोंड लावत नाहीत. म्हणून तो हातानंच टाकायला लागतो. बाकीचं मेंढरं आणतील."

"कुठली मेंढरं?"

प्रतीक्षानं जीभ चावली.

झालं ते असं. अक्कांचे भाऊ, मायाप्पा, दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पूर्वेकडच्या माळावरनं कृष्णाकाठाला उतरतात आणि मृगाच्या आधी परत जातात. काठावरचे शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरं बसवून घेतात. दोन-तीन मुक्काम. भोवती वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण, आत मेंढरं, आणि सकाळी शेताला लेंडीखत. आमच्या भागात शेकडो शेतांत हे होतं. ग्रंथालयामागच्या अर्ध्या एकरात ते करावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर येणं शक्यच नव्हतं. माझ्या पत्रकातला तिसरा मुद्दा चराईबंदीचा होता. बागेच्या फाटकावर मी फलकही लावला होता, लाल अक्षरांत: 'चराईबंदी झालीच पाहिजे!'

वैशाखात सुट्टी लागली. कार्यालयातले मोठे साहेब रजेवर गेले. अक्कांनी हा दिवस बरोबर हेरला होता. कागद शोधायला म्हणून मी त्या संध्याकाळी आवारात आले आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर पाय थबकले. माझ्या फलकाखालनं मेंढरं आत जात होती. दीडएकशे तरी असतील. फाटकाच्या एका अंगाला अक्का, पदर खोचलेला, अनवाणी, एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवत. दुसऱ्या अंगाला पागोटं बांधलेले मायाप्पा.

"ही कशाला आणली?" मी ओरडले. "अक्का! फलक वाचला नाही का तुम्ही?"

"वाचला की. मेंढरास्नी वाचता यीत न्हाई."

मायाप्पा खोऽखो हसले. मग माझा चेहरा बघून पुढं आले. "बाय, रागावू नगा," ते म्हणाले. "फुकट न्हाई बसवलं. बायडीनं जुंधळा दिलाय. आन् ही खुळी कसली बसवून घेतीया बगा. तीन दीस झालं, म्हंती मेंढरास्नी दुसरं कायबी खाऊ घालू नगंस, वड्याकाठच्या हिवराखाली आन् बाभळीखालीच फिरीव. निसत्या शेंगा. मेंढरं कटाळली माझी."

"कशासाठी?" मी विचारलं.

अक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट समजावलं. प्रयोगशाळेत त्या मला 'म्याडम' म्हणायच्या, इथं म्हणाल्या, "आगं पोरी, हिवराचं बी दगडावाणी आसतंय. तू पुरलंस तर तसंच ऱ्हातंय. मेंढराच्या पोटातनं गेलं की मऊ पडतं. आज खाल्लेलं परवा पडतं, म्हून तीन दीस. आन् ह्यो मुरूम बग, गाड्यांनी कसा दाबलाय. कुदळीनं कोण फोडणार? सा-सातशे खुरं हाईत हितं."

"आणि गवत?"

त्यांनी एक मेंढी धरली, तिची लोकर दोन्ही हातांनी फाकवली. आत कुसळं, बिया, काड्या अडकलेल्या. आटपाडीच्या माळापासून इथपर्यंतचा सगळा रस्ता त्या लोकरीत होता.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते. मला कळलं की हे जमणार आहे. आणि मनात आलं, जमू नये.

तीन मुक्काम करून मेंढरं गेली. अर्धा एकर लेंड्यांनी काळा झाला. अक्कांनी त्यावर बाभळीच्या फांद्या पसरल्या, म्हणजे गाड्या लागणार नाहीत. तोवर सुट्टीत वसतिगृहात राहिलेल्या कुणीतरी केलेली चित्रफीत मात्र सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली होती: माझा लाल फलक, आणि त्याखालून ऐटीत आत जाणारी मेंढरं. खाली हसरे चेहरे. मला ती सतरा जणांनी पाठवली. प्रत्येक वेळी मी ती पूर्ण पाहिली.

जूनमध्ये साहेब रजेवरून आले आणि त्यांनीही ती पाहिली. चौकशी लागली. विद्यापीठाच्या आवारात जनावरं कुणी आणली?

बागेच्या कामाचा मंजूर अर्ज एकच होता आणि त्यावर सही माझी. म्हणून पहिल्यांदा मला बोलावलं. टेबलाच्या पलीकडं साहेब, अलीकडं मी, आणि दाराजवळ अक्का उभ्या. खुर्ची रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत. विभागप्रमुख सर बाहेरगावी होते. आता एकच वाक्य बोलायचं होतं: 'बागेच्या कामाचा भाग म्हणून समितीनं आणली.' समिती म्हणजे मीच होते. मला ठपका आला असता, फार तर एक पत्र. अक्कांची नोकरी ठेकेदाराची. तिला पत्र लागत नाही, फोन पुरतो. हे मला माहीत होतं. कंत्राटी कामगारांवरच्या अन्यायावर मी दोन पत्रकं लिहिली आहेत.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणाले, "सर, माझा चराईला पहिल्यापासून लेखी विरोध आहे." आणि पिशवीतनं पत्रक काढून त्यांच्यापुढं ठेवलं. तिसरा मुद्दा अधोरेखित करून.

प्रत्येक शब्द खरा होता.

साहेबांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का म्हणाल्या, "मी आणली. म्याडमचा काय संबंध न्हाई." आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेल्या. त्या आठवड्यात ठेकेदारानं त्यांना साताऱ्याला, कुठल्याशा वसतिगृहात झाडलोटीला धाडलं. प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी आता एक मुलगा असतो. तो टेस्टट्यूब मनातल्या मनात मोजतो.

आषाढ संपता संपता बाग उगवली. मला दुसरा शब्द सापडत नाही. आधी गवत आलं, मारवेल आणि पवन्या, आणि ते कुठवर आलं ते मी चालत जाऊन पाहिलं. जिथं वाघर लावली होती त्या रेषेपर्यंत. पलीकडं तोच मुरूम, तेच काँग्रेस गवत. मग गवतातनं हिवराची आणि बाभळीची बोटबोटभर रोपं, मोजता न येण्याइतकी. तरवड कडेकडेनं. श्रावणात यादीतली अशी काही फुलं वर आली की ती कुठल्या मार्गानं आली ते विभागप्रमुख सरांनाही सांगता येईना. एखाद्या मेंढीच्या खुराला ठाऊक असेल.

वर्तमानपत्रात फोटो आला. मी गवतात उभी. साहेबांनी खूश होऊन फाटकावर संगमरवरी पाटी लावली: 'देशी वनस्पती उद्यान, संकल्पना' आणि खाली माझं नाव. लोक अभिनंदन करायला लागले. आबांनी कराडहून अभिनंदनाचा फोन केला. मी कुणालाच काही सांगितलं नाही. पंधरा दिवस. पाटीवर नाव माझं होतं, आणि तरी फाटकातनं आत जाताना मला हेवाच वाटायचा. नाव मिळूनही तो गेला नाही. प्रतीक्षा माझ्याशी बोलायची बंद झाली होती, ती एकदा पाटीपुढं थांबून इतकंच म्हणाली, "छान कोरलंय हो, मॅडम."

भाद्रपदात मी साताऱ्याला गेले. आधी आबांना सगळं सांगितलं, कराडात उतरून. त्यांनी छपाईच्या यंत्राचा पट्टा पुसून घेतला. मग म्हणाले, "पुढची बस साडेदहाला आहे."

डोंगराच्या पायथ्याशी ते वसतिगृह आहे. तीन मजली, पुढं फरशी, मागं उतार. अक्का मागच्या पायरीवर बसून एका मुलीच्या टाचेतला काटा काढत होत्या. मला पाहिलं, काम थांबवलं नाही. काटा निघाला, उजेडात धरून झाला, मुलगी लंगडत गेली. मग म्हणाल्या, "मारवेल आला का?"

"आला."

"किती?"

मी गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. त्या पहिल्यांदा हसल्या. हिवर विचारला, तरवड विचारला. मी सांगत गेले. त्यांना खोटं वाटेल म्हणून मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी ते बोटानं मोठे करून करून पाहिले. पाटीचा फोटो त्यात आला. त्यांनी त्याच्याही ओळीखाली बोट धरलं आणि सगळं वाचलं. मोबाईल परत दिला.

"अक्का, मी त्या दिवशी..." मी मोबाईल पिशवीत टाकला. "मी खोटं नव्हते बोलले."

"व्हय की. खरंच बोललीस तू." त्यांनी सुई पदराला पुसून चंचीत ठेवली. "पर साह्यबानं इचारलं, कुणी केलं. तू सांगितलंस, तुला काय वाटतं. त्ये कुणी इचारलं हुतं गं?"

मी रडले असते तर त्यांना ते आवडलं नसतं. मी एवढंच म्हणाले, "परत याल का? मी साहेबांना लेखी देते, सगळं, जसं झालं तसं."

"दिऊन बग. बोलावलं तर यीन. न्हाई बोलावलं तर हितंबी उतार हाय." त्या उठल्या. "आन् एक सांगती. गवत वाळलं की ती कापाय येतील. घाण दिसतंय म्हणतील. बी पडल्याबिगर कापू द्यायचं न्हाई. एकदा बी पडलं की मग कुणाचा बाप आला तरी काय व्हईत न्हाई."

मी फाटकापर्यंत जाऊन मागं वळले. अक्का उतारावर गेल्या होत्या. चपला पायरीवर काढलेल्या. जिने झाडायचं सोडून कामावरच्या दोन मुली त्यांच्यामागं फिरत होत्या, एकीच्या ओढणीचा झोळ केलेला. अक्कांनी वाकून कसलंसं झुडूप धरलं, पान तोंडात टाकलं आणि मुलींना हात हलवून काहीतरी सांगितलं. त्या खदखदून हसल्या. नाव पाडलं असणार. इतक्या लांबून ऐकू आलं नाही, आणि ते आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला.

मी लेखी दिलं. दोन महिने होत आले, उत्तर नाही. पाटी काढा म्हणून दिलेल्या अर्जाचंही नाही. दिवाळीनंतर बाहेरची पाहणी समिती यायची आहे आणि कार्यालयातनं तोंडी निरोप आलाय की ग्रंथालयामागचं 'वाळलेलं रान' त्याआधी साफ करायचं. बी अजून कणसात आहे. मी आणि प्रतीक्षा, ती माझ्याशी बोलत नसली तरी, रोज संध्याकाळी फाटकाशी उभ्या असतो. आम्ही दोघी फार काळ पुरणार नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. हे वाचून झालं की एक पोस्टकार्ड घ्या आणि आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयाला लिहा. तुम्ही सांगलीचे असाल तर स्वतः नेऊन द्या. दोनच गोष्टी मागा. बी पडेपर्यंत बाग कापू नका. आणि ही बाग जिनं केली त्या बायडाबाईंना साताऱ्याहून सन्मानानं परत बोलवा. माझं नाव त्यात कुठं घालू नका. मजकूर तुमच्या शब्दांत लिहा, चुकला तरी चालेल. मसुदा माझ्याकडं मागू नका. मी दिला, तर ते पुन्हा माझंच पत्रक होईल.